पाहिजे : पार्टनर. पगार : शून्य!

‘‘साहेब, सॉफ्टवेअर झकास आहे. पण मला एक सांगा, तुमच्याकडे बोलणारा माणूस कोण आहे?’’

बोदवडजवळच्या एका जिनिंगच्या ऑफिसात बसलो होतो. समोर शेठजी, बाजूला मुनीमजी, टेबलावर माझा लॅपटॉप. चाळीस मिनिटं मी न थांबता बोललो होतो. डेटाबेस, बॅकअप, क्लाउड, रिपोर्ट... सगळं! आणि शेठजी शांतपणे विचारत होते, बोलणारा माणूस कोण आहे?

मी म्हटलं, ‘‘मीच की!’’

शेठजींनी मुनीमजींकडे पाहिलं. मुनीमजींनी खिडकीबाहेर पाहिलं. माझ्यासाठी चहा मागवला गेला. आमच्याइकडे ‘नाही’ म्हणायच्या आधी चहा पाजतात.

२०२१ च्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मी हिंजवडीतली नोकरी सोडली होती. सात वर्षं कोडिंग, बऱ्यापैकी पॅकेज, वाकडला शेअरिंगमधला फ्लॅट आणि वीकएंडला मिसळ. लॉकडाउनमध्ये घरून काम करायला म्हणून बोदवडला आलो आणि घरातच आयडिया सापडली. वडिलांनी कापूस विकला, काट्याची चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली आणि आईनं शर्ट धुतला. चिठ्ठीचा लगदा! मग वजन किती भरलं होतं, ओलाव्याचे किती कापले, हिशेब किती निघाला, यावर दोन दिवस नुसते फोन.

मी इंजिनीअर. मला वाटलं, हा तर सोपा प्रॉब्लेम आहे. सहा महिन्यांत सॉफ्टवेअर तयार! गाडी काट्यावर उभी राहिली की भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, भाव, शेतकऱ्याचं पेमेंट, रुई किती निघाली, सरकी किती निघाली, गाठी किती बांधल्या, सगळं एका स्क्रीनवर. २०१७ च्या नोव्हेंबरपासून कच्चा कापूस जीएसटीच्या रिव्हर्स चार्जमध्ये आला, म्हणजे टॅक्स शेतकऱ्यानं नाही, तर विकत घेणाऱ्या जिनिंगवाल्यानं भरायचा. तोही हिशेब मी बसवला होता. भारी काम झालं होतं, खोटं कशाला बोलू!

फक्त ते कोणी घेत नव्हतं. तीन जिनिंगमध्ये फुकट टाकलं होतं. त्यातल्या एका ठिकाणी कंप्युटरवर कव्हर होतं आणि कव्हरवर हिशेबाची वही!

को-फाउंडर म्हणजे काय असतं रे भाऊ?

मग मी तेच केलं, जे एकटा डेव्हलपर अशा वेळी करतो. कस्टमरकडे जायचं सोडून को-फाउंडर शोधायला लागलो.

स्टार्टअपच्या दुनियेत ही श्रद्धाच आहे म्हणा ना. पॉल ग्रॅहम या अमेरिकी गुंतवणूकदारानं २००६ साली स्टार्टअप बुडवणाऱ्या १८ चुकांची यादी केली. तिच्यात पहिलीच चूक कोणती? एकटा फाउंडर! हे वाचून मी रात्रभर तळमळलो. अ‍ॅपलचं उदाहरण तर तोंडपाठ होतं. वॉझनिअ‍ॅकनं यंत्र बनवलं, जॉब्जनं कॅलिफोर्नियातल्या एका दुकानदाराकडून पन्नास नगांची ऑर्डर आणली. मला माझा जॉब्ज पाहिजे होता. पगार शून्य, टक्केवारी चर्चेनुसार.

घरी समजावून सांगणं हा वेगळाच एपिसोड. आई म्हणाली, ‘‘पार्टनर शोधून राह्यला, तर आधी बायको शोध ना! तीही हिशेब पाहील.’’ वडील काहीच बोलले नाहीत. कपाशीला खत टाकायचं बाकी आहे, एवढंच म्हणाले.

पण खरं सांगू? दूर कॅलिफोर्नियात जायची गरजच नव्हती. आपल्याकडे याहून नेमकी गोष्ट आहे, कात्रकरांची नव्हे, काटकरांची! सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचं कुटुंब, पुण्यात वाढलेले दोन भाऊ. थोरले कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले, पुढे स्वतःचं रिपेअरिंगचं दुकान काढलं. धाकटे संजय कंप्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या कंप्युटरांत व्हायरस सापडायचे. संजयनी त्यावर औषध लिहिलं आणि १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आलं. धाकट्यानं कोड लिहायचा, थोरल्यानं धंदा बघायचा. २००३ मध्ये पुण्याबाहेरची पहिली शाखा नाशिकला उघडली. २०१० मध्ये सिकोया कॅपिटलनं ६० कोटी रुपये घातले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

मी ही गोष्ट किती तरी वेळा वाचली होती. दर वेळी डोळ्यांसमोर संजय यायचे, कारण मी स्वतःला तिथे बघत होतो. कैलाश मात्र मी नीट वाचलेच नव्हते. त्या माणसानं आधी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाच्या समोर बसून त्याचं बंद पडलेलं यंत्र चालू करून दिलं होतं. विकायला गेला, तेव्हा गिऱ्हाईक त्याला ओळखत होतं. हा मुद्दा माझ्या डोक्यात शिरायला अजून आठ महिने लागायचे होते.

एंट्री : एमबीए मित्राची

जानेवारी २०२२. पुण्यातला एक मित्र, एमबीए मार्केटिंग, बोलण्यात एकदम सॉलिड. प्रॉडक्ट पाहिलं आणि म्हणाला, ‘‘बॉस, ही तर सोन्याची खाण आहे! आपण याला ‘कॉटन व्हॅल्यू चेन प्लॅटफॉर्म’ म्हणून पोझिशन करू.’’ पन्नास टक्के मागितले. मी दिले. म्हणजे तोंडी दिले. कागदावर काहीच नाही, दोस्तीत कागद कसला!

पुढचे सहा महिने आमच्याकडे काय काय नव्हतं? लोगो होता, दोन वेळा बदललेला. वेबसाइट होती, इंग्रजीत. बत्तीस स्लाइड्सचं प्रेझेंटेशन होतं, त्यात डोंगरामागून सूर्य उगवत होता. व्हिजिटिंग कार्डं होती. माझ्या बचतीतले एक लाख ऐंशी हजार त्यात गेले होते. कस्टमर? तेच तीन. फुकटवाले.

या काळात तो बोदवडला किती वेळा आला? एकदा. महाराष्ट्र एक्सप्रेसनं भुसावळला उतरला, मी घ्यायला गेलो. मे महिना. त्या महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आईनं वरण-बट्टी केली, त्यानं मिटक्या मारत खाल्ली. संध्याकाळी जिनिंग बघायला निघालो, तर म्हणाला, ‘‘यार, आत्ता सीझन नाही ना? मग उगाच कशाला?’’

त्याला दोष देत नाही. त्याला कापूस माहीत नव्हता, इतकंच. मला तर माहीत होता, तरी मी त्याच्या स्लाइड्सवर खूश होतो. कारण त्या स्लाइड्स बनत होत्या तोवर मला कोणाच्या दारात जावं लागत नव्हतं! जूनमध्ये त्याला बंगळुरूला चांगली नोकरी लागली. फोनवर म्हणाला, ‘‘माझे टक्के राहू दे, मी बाहेरून गाइड करीन.’’

तीन आठवडे वाद झाला. शेवटी त्यानं मेल करून हक्क सोडला आणि आमची दहा वर्षांची मैत्रीही त्यातच गेली. त्याच्या लग्नाचं बोलावणं मला आलं नाही.

अ‍ॅपलला तिसरा पार्टनर होता, माहीत आहे? रोनाल्ड वेन. १९७६ मध्ये दहा टक्के होते त्याचे. बारा दिवसांत बाहेर पडला आणि आपला वाटा आठशे डॉलरला सोडला. लोक त्याला हसतात. मला मात्र त्याचं एक आवडतं : जे काय झालं, ते कागदावर झालं!

एंट्री : नानांची

नाना म्हणजे आमच्या गल्लीतलेच. वय ४८. बावीस वर्षं बियाणं कंपनीत फिल्डवर. बोदवड, मलकापूर, मुक्ताईनगर, जामनेर, सगळा पट्टा मोटरसायकलवर पालथा घातलेला. कुठल्या गावात कोणत्या दुकानदाराची उधारी थकलीय, कोणाचा मुलगा पुण्याला आहे, कोणाला दुपारी झोपेतून उठवायचं नाही, सगळं पाठ. कंपनीनं त्यांच्या हाताखाली पंचविशीतला साहेब आणला नव्हता, त्यांच्या डोक्यावर आणून बसवला होता. म्हणून नाना वैतागलेले.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी शिरसाळ्याच्या मारुतीला गेलो होतो. तिथे भेटले. ‘‘काय करून राह्यला भो आजकाल? घरातच दिसतो.’’

मी सगळं सांगितलं. लोगोसकट. नाना नारळाची शेंडी सोलत ऐकत होते. मी म्हटलं, ‘‘नाना, तुम्हीच या ना. मार्केटिंग तुम्ही बघा, कोडिंग मी बघतो.’’

‘‘आतापर्यंत किती विकले?’’

‘‘अजून एकही नाही.’’

‘‘मंग जे तुला स्वतःला एकदाही विकता आलं नाही, ते मी काहून विकू?’’

बॉस, कानाखाली बसावी तसं झालं. पुढे म्हणाले, ‘‘मी येतो. पण विकायला नाही, तुझ्यासंगे यायला. दसऱ्यापासून आखाजीपर्यंत. दारात दोघं जायचं, बोलशील तू. टक्क्यांचं आखाजीला पाहू. जमलं तर जमलं, नाही तर राम राम.’’

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे शेतावर सालदार ठेवतात तो आखाजी ते आखाजी. त्या दिवशी हिशेब होतो, पटलं तर पुढचं साल, नाही तर मोकळा. नानांनी मला सालदार केलं होतं की स्वतः सालदार झाले होते, हे तेव्हा कळलं नाही.

ज्या वर्षी कापूसच आला नाही

आता नशीब बघा! २०२१-२२ च्या हंगामात कापसानं क्विंटलला दहा हजारांच्या वर उडी मारली होती. त्यामुळे २०२२-२३ मध्ये प्रत्येक शेतकऱ्याला वाटलं, यंदाही थांबू, भाव वाढेल. घराघरात कापूस भरून ठेवलेला. आमच्याही पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस! वडील रोज भाव विचारायचे आणि रोज म्हणायचे, अजून थांबू. जिनिंगच्या आवारात जिथे ट्रॅक्टरांची रांग लागते, तिथे हमाल पत्ते कुटत बसलेले.

मी हादरलो. बचत संपत आली होती. जिनिंगला मालच नाही, तर सॉफ्टवेअर कोण घेईल? नाना मात्र खुशीत. ‘‘अरे, सीझन जोरात असता तर मुनीमजीनं तुझ्याकडे मान वर करून तरी पाह्यलं असतं का? आता त्याला टाइमच टाइम आहे. शिकव त्याला.’’

आणि खरंच, मी शेठजींना डेमो द्यायचं बंद केलं आणि मुनीमजींच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागलो. तिथे जे कळलं, ते बत्तीस स्लाइड्समध्ये नव्हतं. मुनीमजींना वाटत होतं, हे आलं की आपली नोकरी गेली. माझा लॉगिन स्क्रीन इंग्रजीत होता, त्यांचा चष्मा घरी राहायचा. महिन्याचं भाडं कोणालाच समजत नव्हतं, कारण जिनिंगचं गणित महिन्याचं नसतं, हंगामाचं असतं. आणि ज्या बावीस रिपोर्टांचा मला अभिमान होता, त्यातला एकही कोणाला नको होता. त्यांना पाहिजे होती एक चिठ्ठी. मराठीत, ठळक अक्षरात, जी शेतकऱ्याच्या मोबाइलवरही जाईल, म्हणजे तो उद्या येऊन वाद घालणार नाही.

‘‘तू जिनिंगचं सॉफ्टवेअर विकून राह्यला,’’ नाना म्हणाले, ‘‘चिठ्ठी विक!’’

अठरा रिपोर्ट लपवले. दर महिन्याऐवजी हंगामाला एकदाच पैसे, तेही माल आल्यावर. डिसेंबरमध्ये पहिला चेक मिळाला. नऊ हजार रुपये. शेठजींच्या समोर मीच बोललो होतो, नाना कोपऱ्यात बसून होते. मी तो चेक बँकेत टाकायच्या आधी दोन दिवस नुसता बघत होतो.

रात्रीचे अकरा

फेब्रुवारीपर्यंत सात जिनिंग झाल्या. आणि एका रात्री मला माझीच चूक सापडली.

ओलाव्याची कपात. सीसीआयच्या खरेदीत आठ टक्के ओलावा धरतात, त्याच्या वर कपात होते, बारानंतर माल घेत नाहीत. खासगी जिनिंगमध्येही आठला आधार धरणारे असतात. माझ्या नव्या अपडेटमध्ये एका जिनिंगच्या काही चिठ्ठ्यांवर ही कपात दोनदा झाली होती. एक्केचाळीस चिठ्ठ्या. एक्केचाळीस शेतकऱ्यांना पैसे कमी मिळाले होते आणि कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मी नानांना फोन केला. म्हटलं, उद्या गुपचूप दुरुस्त करतो, पुढच्या चिठ्ठ्या बरोबर येतील. तिकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, ‘‘तुझ्या बापाची चिठ्ठी असती तर?’’

रात्री अकराला आम्ही मोटरसायकलवर शेठजींच्या घरी. थंडी मरणाची. शेठजी शाल पांघरून बाहेर आले. मी सगळं सांगितलं. नानांनी मध्ये एकही शब्द टाकला नाही. शेठजी खूप बोलले आणि जे बोलले ते छापण्यासारखं नाही. पुढचे पाच दिवस आम्ही यादी घेऊन गावोगाव फिरलो, प्रत्येकाला फरक पोचवला. शेठजींचे पैसे, आमचं पेट्रोल. कोणी चहा पाजला, कोणी शिव्या दिल्या. एका म्हातारबाबांनी नोटा तीनदा मोजल्या आणि विचारलं, ‘‘तुम्ही निवडणुकीचे आहे का?’’

त्या शेठजींनी हंगाम संपल्यावर सॉफ्टवेअर काढून टाकलं. परत घेतलं नाही. इथे गोड शेवट नाही, सॉरी! पण त्या पाच दिवसांत मला एक कळलं. एमबीए मित्राबरोबर मी सहा महिने होतो, आणि त्याच्याबरोबर असताना हे झालं असतं तर आम्ही काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही. नानांचं मला आधीच माहीत होतं. म्हणून तर मी रात्री त्यांनाच फोन केला होता.

आखाजीचा हिशेब

२२ एप्रिल २०२३. आखाजी. पुरणपोळी आणि आमरस. कापसाचा भाव आणखी उतरत चालला होता आणि वडिलांचा माल अजून खोलीतच होता, त्यामुळे घरात त्या विषयावर कोणी बोलायचं नाही असं ठरलेलं.

नाना आले. मी मनात पंचवीस टक्के ठरवले होते. घासाघीस झाली तर तीसपर्यंत जायचं. नाना म्हणाले, ‘‘टक्के तू ठरव. मला दोन गोष्टी पाहिजे. बँकेत सही दोघांची. आणि तू नवीन काही टाकशील, तर मी एका मुनीमजीकडे चालवून पाहीन, मंगच ते बाकीच्यांकडे जाईल.’’

पंचवीस, तीस वगैरे मी विसरलो. चाळीस लिहिले. पण एकदम नाही. चार वर्षांत, दर आखाजीला दहा-दहा. पहिली आखाजी पूर्ण व्हायच्या आत कोणी सोडलं तर शून्य, आणि हा नियम माझ्या साठालाही लागू. स्टार्टअपवाले याला ‘व्हेस्टिंग’ म्हणतात, पहिल्या वर्षाच्या अटीला ‘क्लिफ’ म्हणतात. मी नानांना अर्धा तास समजावून सांगितलं. ते म्हणाले, ‘‘म्हणजे सालदारी. सरळ सांग ना!’’

मग सीएकडे जाऊन प्रायव्हेट लिमिटेड केली, करार केला. नानांनी बियाणं कंपनीचा राजीनामा दिला, त्या दिवशी त्यांच्या घरी कोणी जेवलं नाही. त्यांची मुलगी बारावीला होती. हे मला वहिनींनी खूप नंतर सांगितलं. रिस्क फक्त माझीच आहे, असं मी दीड वर्ष समजत होतो!

आज आमच्याकडे एकोणीस जिनिंग आहेत. कोणी साठ कोटी घालायला आलेलं नाही. पुण्यातले मित्र विचारतात, स्केल कधी करणार? खान्देशाला मोठं होणं काही नवीन नाही म्हणा. अझीम प्रेमजींची विप्रो १९४५ मध्ये अमळनेरला तेलाच्या कारखान्यातून सुरू झाली. वाकोदच्या भवरलाल जैनांनी १९६३ मध्ये सात हजारांवर रॉकेल विकायला सुरुवात केली होती. पण आमचं सध्या तरी ठरलंय : आधी मलकापूर पूर्ण करू.

आणि हो, परवा एका नव्या जिनिंगमध्ये गेलो होतो. शेठजींनी विचारलं, ‘‘तुमच्याकडे बोलणारा माणूस कोण आहे?’’

मी नानांकडे पाहिलं. नाना खिडकीबाहेर बघत होते.

‘‘मीच,’’ मी म्हटलं. या वेळी चहा नंतर आला.

पार्टनर शोधताय? आधी हे बघा!

• पहिला पैसे देणारा कस्टमर स्वतः आणा. जो पार्टनर येईल, तो तुमचं प्रॉडक्ट नाही, तुमची ती धडपड बघून येईल.

• डिग्री नंतर बघा, ओळखी आधी. तुमच्या गिऱ्हाइकाच्या दारात त्याला चप्पल काढून आत बसता येतं का?

• एक पूर्ण हंगाम बरोबर काढा. चांगला नसला तर उत्तमच.

• टक्के एकदम देऊ नका, वर्षावर्षानं द्या. स्वतःलाही तोच नियम लावा.

• दोस्ती असेल तर कागद कराच. दोस्ती टिकवायची असेल तर आधी करा.